मिस्त्री, तो टॅपेटचा आवाज नव्हता

मिस्त्री, तुमच्या दहाव्याला माझ्या हातात माईक दिला होता. प्रवचन झालं, दोन पुढाऱ्यांची भाषणं झाली, आणि कुणीतरी पुकारलं, "आता डॉक्टर दोन शब्द बोलतील, त्यांचा आन् मिस्त्रींचा तीस वर्षांचा घरोबा." मी उठलो. तुमचा हात, तुमचा स्वभाव, तुमची गाड्यांवरची माया, असं पाचेक मिनिटं बोललो. खाली बसल्यावर शेजारचे गृहस्थ म्हणाले, "लई चांगलं बोलले डॉक्टर." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जे बोलायला हवं होतं त्यातलं एक अक्षर मी उच्चारलं नव्हतं. ते आता लिहितोय. वरातीमागून घोडं म्हणा हवं तर.

मी जनावरांचा डॉक्टर आणि तुम्ही गाड्यांचे. शेवगावला माझी बदली झाली तेव्हा नगरहून मी एक जुनी डिझेल जीप घेऊन आलो होतो. गाड्यांचं वेड मला कॉलेजपासून, पण अक्कल यथातथाच. रंगावर भाळलो होतो. तुम्ही चालू इंजिनचं ऑइलचं झाकण काढलं, वर तळहात धरला, उठणाऱ्या धुराकडे बघितलं आणि विचारलंत, "डॉक्टर, घोडेगावच्या बाजारात बैल घेताना दात बघता का न्हाई?"

"बघतो की."

"मग हिचे का न्हाई बघितले? म्हातारी मारलीय तुमच्या गळ्यात."

मला राग आला. सरकारी डॉक्टर, नवी नोकरी, आणि हा माणूस पहिल्याच भेटीत चारचौघांत माझी अक्कल काढतोय. पण त्या म्हातारीला तुम्ही आठ दिवसांत तरणी केलीत. ते आठही दिवस संध्याकाळी दवाखाना बंद करून मी तुमच्या गॅरेजच्या दारात, जुन्या टायरवर बसलेलो. तेव्हा जो बसलो तो जवळजवळ तीस वर्षं उठलो नाही.

तुमची रोग ओळखायची रीत मी पुन्हा कुठं बघितली नाही. हातभर लांब स्क्रूड्रायव्हर. त्याचं टोक इंजिनवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. आजूबाजूला ट्रकचे हॉर्न, टपरीवरची गाणी, कशाचं काही नाही. मग डोळे उघडून म्हणायचं, "तीन नंबरचा नोझल." तीन नंबरचाच असायचा. एकदा हौसेनं मी माझा स्टेथोस्कोप काढून इंजिनला लावला, तर तुम्ही इतके हसलात की हातातला पाना पडला. "डॉक्टर, हिला ताप न्हाई."

पण मग तुम्ही मला शिकवलंतही. टॅपेटचा, म्हणजे वरच्या झडपांचा, आवाज हलका, वरून येणारा, टिकटिक. बेरिंगचा आवाज जड, इंजिनच्या पोटातून येणारा, ठकठक, आणि गाडी चढाला लागली की वाढणारा. "टॅपेट बोंबलतंय तवर भ्यायचं न्हाई. बेरिंग बोललं की जिथं हाय तिथं गाडी उभी करायची." हे वाक्य मला तुमच्याच तोंडचं पाठ आहे, म्हणून ते जास्त सलतं.

भांडणं तर आपली रोजची. नव्या गाड्या यायला लागल्या, बॉनेट उघडलं की आत प्लॅस्टिकचं झाकण. मी चिडायचो. ही काय गाडी? चोक ओढून, कान देऊन, थंडीत हीटर तापायची वाट बघून चालू केलेली गाडी ती गाडी. जीपचं इंजिन सुरू झालं की माझ्या छातीत कसं भरून यायचं, ते मी तुम्हाला रंगवून सांगायचो. मला वाटायचं, तुम्ही माझ्या बाजूचे. मिस्त्री माणूस, जुन्या इंजिनांवर आयुष्य काढलेला. पण तुम्ही कधीच माझ्या बाजूला आला नाहीत.

"आवाज म्हंजी वाया चाललेली ताकत, डॉक्टर," तुम्ही म्हणायचात. "डिझेल जाळायचं चाकासाठी, आन् त्यातलं किती जातंय नुसतं बोंबलन्यात. ज्यानं आवाज कमी केला त्यो खरा हुशार."

"म्हणजे मुकं जनावर पाळायचं?"

"मुकंच बरं असतं की. तुमी सांगा, तुमचे पेशंट मुकेच हायेत ना?"

ह्या वादात मी हरायचो आणि घरी जाऊन बायकोला सांगायचो की मिस्त्री बिघडले. पंचावन्न ओलांडल्यावर तुम्ही नगरला चार दिवस जाऊन गाडीला लावायचं स्कॅनर शिकून आलात, वीस-बावीसच्या पोरांशेजारी बाकावर बसून. ते यंत्र घेऊनही आलात. मी चेष्टा केली, "आता काय मिस्त्री, काचेत बघून रोग सांगणार. कानांना पेन्शन." तुम्ही हसला नाहीत. मला वाटलं, विनोद जमला नाही.

साधारण त्याच सुमाराला तुमची एक नवी सवय सुरू झाली. कुणी गाडी आणली की तुम्ही मला हाक मारायचात. "डॉक्टर, हिकडं या. काय ऐकू येतंय तुमाला, ते सांगा." मी ऐकायचो आणि सांगायचो. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत राहायचात, मग हात घालायचात. मिस्त्री, तेव्हा मी किती फुशारलो होतो म्हणून सांगू! इतकी वर्षं टायरवर बसून आपण तयार झालो, गुरूनं परीक्षा घ्यायला सुरुवात केली, असं मला वाटायचं. बहुतेक वेळा माझं बरोबर यायचं. गावात मी सांगत सुटलो की मिस्त्रीसुद्धा मला विचारल्याशिवाय इंजिन उघडत नाहीत. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

मग ती मे महिन्यातली सकाळ. भाचीचा नगरला साखरपुडा होता आणि जीपमधून काहीतरी वाजत होतं. आदल्या दिवशी मी ती तुमच्याकडे आणली. तुम्ही नेहमीसारखं विचारलंत, काय ऐकू येतंय. मी बॉनेटवर वाकलो, दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणालो, "टॅपेट."

तुम्ही तळहात इंजिनच्या अंगाला लावला. बराच वेळ लावून ठेवला. "डॉक्टर, हाताला जड लागतंय. टॅपेटच ना नक्की?"

"नक्की," मी म्हणालो. त्यावर हसलोही. "मिस्त्री, आता आम्हालाही थोडं कळतं."

तुम्ही टॅपेट सेट केले. मी गाडी घेऊन घरी गेलो. दुसऱ्या दिवशी करंजी घाटात, अर्ध्या चढाला, जीपच्या पोटातून एक आवाज आला आणि आतला कनेक्टिंग रॉड इंजिनचा ब्लॉक फोडून बाहेर आला. रस्त्यावर काळं ऑइल. भर उन्हात माझी बायको पैठणी नेसून बाभळीखाली उभी. तासाभरानं एका कांद्याच्या टेम्पोनं आम्हाला घेतलं. आम्ही पोचलो तेव्हा पंगत उठली होती आणि मेव्हण्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "काय दाजी, गाडीत कांदा कुठला, गावरान का?" ते हसू माझ्या डोक्यात गेलं.

जीप ओढून तुमच्याकडे आणली. तुम्ही इंजिन उघडलं. मी समोरच उभा होतो. तुम्ही जळून काळं पडलेलं बेरिंग तळहातावर घेतलं आणि माझ्यासमोर धरलं. मी रस्त्याकडे बघितलं. तुम्ही हात खाली घेतला आणि म्हणालात, "दुसरं इंजिन बघू डॉक्टर. पंधरा दिवसांत बसवून देतो. इंजिन बदलल्यानं गाडी मरत न्हाई." मी म्हणालो, "राहू द्या. भंगारातच देतो आता." तीस वर्षं चालवलेली गाडी मी तुमच्या दारातून भंगारवाल्याला उचलायला लावली. तिच्या पाठीमागं तुम्ही फाट्यापर्यंत चालत गेलात, हे मी हॉटेलातून बघितलं.

हॉटेल म्हणजे बबनचं, तुमच्या गॅरेजच्या भिंतीला लागून. तिथं त्या दिवशी आठ-दहा माणसं चहाला होती. सगळ्यांच्या घरी गाड्या, टेम्पो, ट्रॅक्टर. जीपचं काय झालं असं कुणीतरी विचारलं, आणि मी उचलली जीभ लावली टाळ्याला. "मिस्त्रींचं आता लक्ष राहिलं नाही. साधा बेरिंगचा आवाज कळला नाही त्यांना. गाडी टाकायची तर जरा विचार करून टाका." डॉक्टरांचं बोलणं, तेही मिस्त्रींच्या खास माणसाचं. ते खोटं कोण मानील?

दोन महिन्यांत मी विजेवर चालणारी गाडी घेतली. ज्या मुक्या गाड्यांना मी शिव्या घालायचो त्यातलीच एक, आणि तीही फक्त तुम्हाला दाखवायला की आता आम्हाला मिस्त्री लागत नाही. शेवगावात कुणीही गाडी घेतली की देवळाच्याही आधी ती तुमच्या दारात यायची. तुम्ही बॉनेटवर हात ठेवायचात, मालकाला एक-दोन गोष्टी बजावायचात, मग पेढा घ्यायचात. माझी नाही आली. मी ती तुमच्या दारावरून नेली, पण थांबवली नाही.

खरं सांगायचं तर गाडी चांगली निघाली. वादात तुमचंच बरोबर होतं. पहिल्यांदा बोधेगावच्या रस्त्यानं ती चालवली तेव्हा दोन्ही बाजूच्या शेतातलं ऐकू यायला लागलं. पाटाचं पाणी, टिटवी, कुठं तरी अडलेलं वासरू. इतकी वर्षं त्याच रस्त्यानं गेलो, पण माझ्या लाडक्या आवाजाखाली हे सगळं बुडून गेलेलं होतं. लगेच मनात आलं, हे मिस्त्रींना सांगायला पाहिजे. पुढच्याच क्षणी आठवलं की आपण बोलत नाही.

एकदा मात्र मी थांबलो होतो, हे तुम्हाला माहीत नसेल. गेल्या दिवाळीच्या आधी. तुम्ही दारात रस्त्याकडे पाठ करून काहीतरी घासत बसला होतात. मी अगदी मागं, पाच-सहा हातांवर गाडी उभी केली. मनाशी ठरवलं की आज बोलायचं. हॉर्न दिला. तुम्ही वळला नाहीत. पुन्हा दिला, जरा लांब. तुमची मान हललीसुद्धा नाही. मी म्हणालो, एवढा ताठा? असू दे. आणि निघून आलो.

त्यानंतर आपली भेट नाही. सहा महिन्यांनी, एका सकाळी चहाचा कप हातात असताना तुम्ही गेलात, ते मला बाजारात कळलं.

दहाव्यानंतर चार दिवसांनी मी तुमच्या घरी गेलो. वहिनी पडवीत बसल्या होत्या. मी इकडचं तिकडचं बोललो आणि मग मनातली मळमळ बाहेर आलीच. म्हणालो, "वहिनी, मी दिवाळीच्या आधी आलो होतो. हॉर्न दिला. मिस्त्रींनी वळूनसुद्धा पाहिलं नाही."

वहिनी माझ्याकडे बघतच राहिल्या. "आवो डॉक्टर, त्यांना कुठं ऐकू येत हुतं?"

"कधीपासून?" मी विचारलं.

"पाच-सहा वर्सं झाली. आधी एक कान गेला, मग दुसरा. जोरात बोललं आन् तोंडाकडं बघितलं की कळायचं त्यांना. नगरला दाखवलं, मशीन बी आनलं. डब्यात पडून हाय. म्हनायचे, मिस्त्रीच्या कानात मशीन बघितल्यावर कोन गाडी लावील? पोरांना बी सांगू दिलं न्हाई." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मला वाटलं, तुमाला तरी ठाव असंल. तुमी तर रोज जवळ असायचे."

रोज जवळ असायचो, मिस्त्री. जनावर दुखणं लपवतं, ते ओळखणं हाच माझा धंदा. बाजारात बैल नुसता चार पावलं चालला की त्याचा कुठला पाय दुखतो ते मी सांगतो. आणि माझ्यासमोर बसलेल्या माणसाचं मला कळलं नाही. तुम्ही स्कॅनर का आणलंत, ते मला तिथं पडवीत बसून कळलं. त्याच्या काचेवर रोग वाचता येत होता. बिनआवाजाच्या गाड्यांची बाजू का घ्यायचात, तेही कळलं. तसल्या गाड्यांपुढं तुम्ही आणि धड ऐकू येणारा तरणा मिस्त्री सारखेच होतात. आणि माझी परीक्षा कसली घेत होतात! कान उसने मागत होतात तुम्ही, भरवशाच्या माणसाकडून. तुमच्या हातानं खरं सांगितलं होतं. त्या हाताला मी "नक्की" म्हणून गप्प केलं.

मी वहिनींना विचारलं, जीपचं कधी काही बोलले का.

"बोलले ना. मीच चिडले हुते. म्हनलं, डॉक्टर गावभर सांगत फिरत्यात, तुमी जाऊन सांगा की टॅपेट त्यांनीच सांगितलं म्हनून. तर म्हनले, त्यांचा कान चुकला तर चुकला, ते कुठं मिस्त्री हायेत? मिस्त्री मी हाय. माझा हात सांगत हुता, मी ऐकायला पायजे हुतं." मग त्या म्हणाल्या, "तुमची नवी गाडी आली तवा म्हनले, घेऊन येत्याल डॉक्टर. लई दिवस वाट बघितली."

मला रडू आलं, वहिनींच्या समोर. त्यांनीच मला पाणी दिलं, ज्यांचा माणूस गेला त्यांनी. तुम्ही मला माफ केलं होतंत की नाही, हे विचारायचं धैर्य झालं नाही. विचारलं असतं तर वहिनी हो म्हणाल्या असत्या, आणि ते मला झेपलं नसतं.

तिथून निघालो तो थेट बबनच्या हॉटेलात गेलो. ज्या जागेवरून तुमचं नाव घालवलं त्याच जागेवरून ते परत द्यायचं, एवढंच डोक्यात होतं. तीच माणसं सगळी नव्हती, पण चार-पाच होती. मी उभ्यानंच सांगितलं. जीपचा आवाज टॅपेटचा आहे असं मी सांगितलं होतं. मिस्त्रींना ऐकू येत नव्हतं, त्यांनी माझ्या शब्दावर काम केलं. त्यांच्या हाताला शंका आली होती, मी हसलो. चूक माझी, त्यांची नाही.

बबननं गॅस बारीक केला. म्हणाला, "डॉक्टर, तुमी त्या दिवशी बोलले आन् मी माझा टेम्पो पाथर्डीला न्यायला लागलो. भिंतीला भिंत लागून गॅरेज, तरी. मीच न्हाई, ही बसलेली सगळी. मिस्त्री रोज सकाळी हितंच च्या घ्यायचे, टेम्पो त्यांच्या डोळ्यापुढनं जायचा. एकदा बी विचारलं न्हाई, कुठं नेतो रं म्हनून."

मी बाकाच्या कडेला बसलो.

"तुमाला तरी हे आत्ताच कळलं व्हय?" बबननं विचारलं.

"हो," मी म्हणालो. "आत्ता, वहिनींनी सांगितल्यावर."

"मग तुमचा तरी काय दोष," तो म्हणाला, आणि माझ्यासाठी चहा गाळायला लागला. मी तो चहा प्यायलो, मिस्त्री.

वहिनींनी मला सांगितलं ते फक्त तुमच्या कानांचं. माझी चूक मला कुणी सांगायची गरज नव्हती. तुम्ही ते काळं पडलेलं बेरिंग माझ्यासमोर धरलंत त्याच क्षणी ती मला कळली होती, आणि ती कळल्यावरच त्या दिवशी मी हॉटेलात जाऊन ती तुमच्यावर ढकलली होती.